मला पूर्ण विश्रांती मिळाली आहे

३ जून

खुर्चीचं एक चाक तुटलेलं आहे. बसलं की उजवीकडे झुकते. विमान असं झुकलं असतं तर मी ते जागेवरून हलवलं नसतं. इथे शिपाई म्हणाला, "होते सवय, मॅडम. आधीच्या साहेबांनी चार वर्षं काढली हिच्यावर."

एकोणीस वर्षं विमान उडवलं आणि आजपासून मी सुरक्षा निरीक्षक. गळ्यात कार्ड. पदाखाली बारीक अक्षरात – परिविक्षाधीन. म्हणजे शिकाऊ. सेहेचाळिसाव्या वर्षी!

खोलीला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते.

साहेबांनी बोलावलं होतं. आमच्या विभागाचे प्रमुख. टेबल एकदम स्वच्छ, एक कागद नाही. "तुमच्यासारखी अनुभवी माणसं आम्हाला हवीच होती. फक्त एक लक्षात ठेवा, इथे निर्णय हवेत घ्यायचे नसतात." स्वतःच हसले. मीही हसले. पहिलाच दिवस.

५ जून

आईने सकाळी डबा हातात देताना विचारलं, "आज कुठे जाणार?" सवयीने. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर.

तिने डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "असू दे. मला तरी आता आकाशाकडे बघत बसायला नको."

डाव्या कानाने माझी वाट लावली. जानेवारीत स्वयंपाकघरात उभी होते आणि ओटा फिरायला लागला. आतल्या कानाचा दोष. असा झटका पुन्हा कधी येईल, कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी फाइल बंद केली ती अगदी हळू, जणू झाकणाखाली माझा हात होता. उडण्यासाठी कायमची अपात्र. नोकरी शोधताना ही निघाली. सगळे म्हणाले, त्याच क्षेत्रात राहशील. राहिले. दाराबाहेर.

११ जून

ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्यांना अख्खं ऑफिस टाचणी म्हणतं. पाठीमागे. प्रत्येक कागदाला टाचणी लावतात, स्टेपलर वापरत नाहीत – "पिन काढली की कागद फाटतो, टाचणी काढली की नुसतं भोक राहतं." सत्तावीस वर्षं इथे आहेत. त्याआधी विमानांचे इंजिनिअर होते. निवृत्तीला सात महिने.

माझा पहिला सरावाचा अहवाल वाचला. लाल पेन. मी लिहिलं होतं – वैमानिक दमलेला दिसत होता. सगळं वाक्य खोडलं.

"दमलेला दिसणं हे तुमचं मत झालं. तुम्ही पाहिलं काय?"

"डोळे लाल होते."

"मग डोळे लाल होते असं लिहा. कांदा चिरून आला असेल, आपल्याला काय ठाऊक."

चिडले. पण रात्रीपर्यंत टिकेल असा राग नव्हता. माणूस चुकीचं बोलत नाही, हाच त्रास आहे.

१९ जून

पहिली तपासणी. आणि नेमकी माझ्याच जुन्या कंपनीची! अंगावर पिवळं जाकीट, हातात फळी, फळीवर बावन्न प्रश्नांचा कागद. शिडी चढले. हीच शिडी मी हजारो वेळा चढले असेन, कधी मोजावीशी वाटली नाही. आज सहा पायऱ्या मोजल्या.

कॉकपिटमध्ये मीच शिकवलेला कॅप्टन. मला बघून उठायला गेला, डोकं वरच्या स्विचांना आपटलं. मग एकदम आवाज बदलून म्हणाला, "या मॅडम. काय बघायचं आहे?"

मॅडम. मार्चपर्यंत कॅप्टन होते.

अग्निशामक बघितला, तारीख बघितली. टायर बघितले. कागद बघितले. सगळं ठीक. मागे हवाई सुंदऱ्यांचं कुजबुजणं चालू होतं, मी पडदा सरकवला की बंद. उतरताना त्याला म्हटलं, "उजवीकडचा वायपर जरा बघून घे रे." तो म्हणाला, "लेखी देणार आहात का?"

मी फक्त सांगत होते. पूर्वी सांगायचे तसं.

२० जून

लेखी दिलं.

२ जुलै

दोन दिवसांसाठी छोट्या विमानतळावर. इथे दिवसाला पाच विमानं, सगळी पंख्याची, बहुतेक जुन्या कंपनीचीच. सकाळी पावणेसातला मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसले होते. सात वाजता ज्याची ड्यूटी सुरू होणार तो सहवैमानिक आला. पंचविशीतला. गुड मॉर्निंग म्हणाला, यंत्रातून कॉफी घेतली, साखरेची पुडी कॉफीत न टाकता कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली आणि रिकामा कागद कपात टाकला.

मी बघत होते. त्याच्या डाव्या गालावर मोटारीच्या पट्ट्याची वीण उमटली होती. कानापासून हनुवटीपर्यंत, सरळ.

मग त्याने टेबलावरचा विश्रांतीचा कागद ओढला. एकच ओळ असते त्यावर – मला नियमाप्रमाणे पूर्ण विश्रांती मिळाली आहे. खाली सही. न वाचता केली.

"कुठे झोपला होतास?"

"हॉटेलात, मॅडम. आठ तास."

बाहेर कंपनीची गाडी उभी होती. ड्रायव्हर बॉनेटवर वाकून जुन्या बनियनने काच पुसत होता. पन्नाशीचा, बोलका. मला अजून कॅप्टनबाईच म्हणतो. मलाही त्याने कितीदा नेलंय. म्हटलं, गाडीची वही दाखवा. त्याने लगेच दिली. त्याला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. निघालो ३.०५, पोचलो ६.२५. आदल्या दिवशी ३.१०. त्याच्या आदल्या दिवशी ३.००. अख्खा महिना.

म्हणजे असं. वैमानिक रात्री नऊला मोठ्या शहरात सुटतात. सकाळी सातला इथे ड्यूटी. कागदावर मधले दहा तास विश्रांती. खरं बघितलं तर पहाटे तीनला उठवून सव्वातीन तास गाडीत कोंबून आणायचं आणि पावणेआठला सत्तर माणसांना घेऊन उडवायचं. इथे एक तुकडी कायमची ठेवली की प्रश्न मिटतो. ठेवत नाहीत.

सगळ्या पानांचे फोटो काढले. मत नाही, आकडे आहेत. टाचणी खूश होतील.

आमच्या वेळीही गाडी होती. पण तेव्हा महिन्यातून एखाद वेळा.

५ जुलै

टाचणींनी वहीचे फोटो भिंग लावून वाचले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला. "हे पक्कं आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच.

साहेबांनी एवढा वेळ लावला नाही. "कंपनीला पत्र टाकू. त्यांचं म्हणणं येऊ दे. तोवर वैमानिकांशी बोलून घ्या."

"साहेब, उद्या सकाळीही गाडी तीनला निघणार आहे."

"सहा वर्षं निघतेय. काही झालंय का?"

मी फोटो गोळा करून बाहेर आले. उत्तर आत्ता सुचलं. आता काय उपयोग.

६ जुलै

रविवार. धाकटा जेवायला आला होता. माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, त्याच कंपनीत. मला बघून बघून तोही वैमानिक झाला आणि याच वर्षी कॅप्टन झाला. खांद्यावरची चौथी पट्टी अजून कोरी करकरीत.

वरणभात वाढून होईपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "तुझी पण सकाळची गाडी असते ना रे?"

घास हातात तसाच. "ताई, जेवताना ऑफिस काढायचं नाही."

"मी बहीण म्हणून विचारतेय."

"मग गळ्यातलं कार्ड काढ."

रविवारी घरात कार्ड घालून बसले होते! लक्षातच आलं नव्हतं. आईला हसू आलं. त्याला आलं नाही. ताक न पिताच गेला.

१५ जुलै

अकरा वैमानिकांना एकेक करून बोलावलं. अकरा जणांना आठ तास झोप लागली. एकाने तर साडेआठ सांगितली. गालावर पट्ट्याची वीण होती तो आला तेव्हा गाल स्वच्छ, दाढी गुळगुळीत.

"गाडीत बसला नव्हतास?"

"आठवत नाही, मॅडम."

बाहेर पडताना दारात थबकला. वाटलं आता बोलेल. म्हणाला, "माझं कर्ज आहे ट्रेनिंगचं." आणि गेला.

बाराव्या नावापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले. धाकट्याचं नाव. नियमाप्रमाणे भावाची मुलाखत मला घेता येत नाही. टाचणींनी घेतली. परत आले, खुर्चीत बसले, टाचण्यांची डबी उघडली, बंद केली.

"किती तास म्हणाला?" मी.

"आठ."

२३ जुलै

कंपनीचं उत्तर आलं. चौदा पानं. साहेबांनी मला बसायलाही सांगितलं नाही. नुसतं शेवटचं पान फिरवून माझ्यासमोर सरकवलं. परिशिष्ट चार.

सहा वर्षांपूर्वीचं पत्र. "सकाळच्या मोटार प्रवासाला वैमानिकांची हरकत नाही. हा वेळ विश्रांतीत धरण्यास संमती आहे." खाली – वैमानिक प्रतिनिधी. खाली सही.

माझी.

पत्र आठवत नव्हतं. खरंच नव्हतं! सही बघितली आणि सगळंच आठवलं. लंबूची केबिन. लंबू म्हणजे माझ्याच तुकडीतला, एकत्र शिकलो, तो पुढे वैमानिकांचं वेळापत्रक बघायला लागला आणि आता कंपनीचा उड्डाण प्रमुख आहे. त्याने कागद टाइप करून ठेवला होता. "दोनच महिने गं. छोट्या विमानतळावर राहायची सोय झाली की बंद." मी उभ्या उभ्या सही केली. विमान गाठायचं होतं.

पुढच्याच महिन्यात मला ट्रेनिंग कॅप्टन केलं. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मी लावला नव्हता. की लावला होता?

साहेब म्हणाले, "आता काय करू या, तुम्हीच सांगा." आवाजात अजिबात खोच नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

२४ जुलै

सुट्टी टाकली. कान ठीक आहे. बाकी काही ठीक नाही.

२७ जुलै

त्या ड्रायव्हरला काढलं. कारण दिलं – गाडीची कागदपत्रं परक्या व्यक्तीला दाखवली.

मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, जिन्याखाली सायकल, दारात धुतलेले कंपनीचे दोन शर्ट वाळत होते, परत करायचे म्हणून. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

"मला माफ करा," एवढंच म्हणता आलं.

तो म्हणाला, "कॅप्टनबाई, तुम्ही मागे झोपायच्या ना, तेव्हा मी खड्डे चुकवत चालवायचो. तुमच्या मानेला धक्का बसू नये म्हणून. पण एकदा मलाच डुलकी लागली होती, पुलाच्या अलीकडे. तुम्हाला कळलंही नाही. मी कुणाला सांगितलं नाही." मग म्हणाला, "वही दाखवली ते बरंच झालं. माझ्या डोक्यावरचं उतरलं."

मी त्याच्या डोक्यावरचं उतरवायला गेले होते की माझ्या, कळेना. त्याच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलाय. शाळेच्या बसवर बहुतेक जमेल.

मागे झोपायच्या, म्हणाला. महिन्यातून एखाद वेळा, असं मी याच वहीत लिहिलंय. तो रोजचं असल्यासारखं बोलत होता.

२ ऑगस्ट

धाकट्याचा फोन. महिनाभराने. ड्रायव्हरला काढल्याचं त्याला कळलं होतं.

"झालं समाधान?" इथूनच सुरुवात. "तू उडत होतीस तेव्हा तुला झोप पुरत होती. उडणं बंद झालं तशी आमची झोप मोजायला आलीस."

"तू त्या टेबलावर खोटं बोललास."

"मी खोटं बोललो? तू कितीदा सही केलीस, ताई? मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस, आठवतंय? कॉफी दोन कप घे, सही कर आणि चेहऱ्यावर गार पाणी मार. हे मला तूच शिकवलंस!"

फोन ठेवला त्याने. आई दारात उभी होती. ती गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

९ ऑगस्ट

टाचणींना म्हटलं, मला जुने विश्रांतीचे कागद बघायचेत. माझे.

"कशाला?"

"मोजायला."

कंपन्यांचे कागद जमा होतात त्या तळघरातल्या दप्तरखान्यात दोघं दिवसभर बसलो. खोक्यांवर धूळ, वर एकच दिवा, मला शिंका आणि त्यांना खोकला. ते एकेका तारखेचे गठ्ठे सोडत होते आणि मी माझी सही शोधत होते. शोधावी लागतच नव्हती. सगळ्यात मोठी, सगळ्यात ऐटबाज सही माझीच.

एकशे त्रेचाळीस. एकशे त्रेचाळीस सकाळी मी लिहून दिलं की मला पूर्ण विश्रांती मिळाली आहे.

त्यातली एक सकाळ मला आठवते. धुकं होतं. उतरताना मी उंची वाचली, सहवैमानिकाने पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की मी शंभर फुटांनी चुकीची वाचली. दोघांनीही त्याची नोंद केली नाही. खाली उतरल्यावर प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मागे एक आजोबा होते, उतरताना म्हणाले, "किती अलगद उतरवलंत."

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आज टाचणींना सांगितलं. त्यांनी गठ्ठा बांधला. गाठ मारत म्हणाले, "हे मत नाही. हे लिहिता येईल."

११ ऑगस्ट

लिहिलं. चार पानं. माझ्या एकशे त्रेचाळीस सह्या, तारखांसह. धुक्याची सकाळ. लंबूच्या केबिनमधलं पत्र आणि ते कसं झालं. धाकट्याला दिलेला कॉफीचा सल्लाही लिहिला – नाव न घालता, नव्या वैमानिकाला म्हणून. शेवटी लिहिलं, माझ्यावर जी कारवाई होईल ती मान्य, पण गाडी बंद करा.

टाचणींनी वाचलं. लाल पेन खिशातून काढलं नाही. "लायसन्स जाईल," म्हणाले.

"कान नाही म्हणतोय, तसंही कुठे उडणार आहे."

"तरी घरात असतं ना एक. कपाटात."

असतं. मार्चनंतरही फी भरून त्याचं नूतनीकरण केलं मी. कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना कसं कळलं?

साहेबांनी पानं हातात घेतली, तोलली, वाचली नाहीत. खण उघडला, आत ठेवली, खण बंद केला. "दोन दिवस विचार करा."

"विचार करूनच दिलंय."

"मग मी करतो."

२० ऑगस्ट

साहेब विचार करतायत.

२८ ऑगस्ट

अजून. मी रोज सकाळी त्यांच्या दारात जाते. स्वीय सहायक म्हणते, मीटिंगमध्ये आहेत. काचेतून दिसतात – एकटे, स्वच्छ टेबलाशी. गाडी तीनला निघतेय. आता वही ठेवतच नाहीत म्हणे. तेवढी सुधारणा झाली माझ्यामुळे.

खुर्ची बदलून मागितली होती जूनमध्ये. तो अर्जही त्याच खणात असेल.

१ सप्टेंबर

लंबू भेटला. भेटला कसला, ऑफिसबाहेर स्वतःच्या गाडीशी उभाच होता, ऑफिस सुटायच्या वेळी. एवढा उंच माणूस, पण वाकून वाकून बोलत होता.

"तुझं निवेदन मी वाचलंय."

साहेबांनी ते वर पाठवलं नव्हतं. पण बाहेर पाठवलं होतं!

"मागे घे. आपल्याकडे सिम्युलेटरवर शिकवायला माणूस हवंय. जमिनीवरचं काम, कानाची अडचण नाही. हातात पुन्हा दांडा येईल तुझ्या. कॅप्टन म्हणतील."

खोटं कशाला लिहू. एक मिनिटभर माझा तळहात खरोखर वळला. दांडा धरल्यासारखा.

"लंबू, दोन महिने म्हणाला होतास."

"कुणाला माहीत होतं गं. चाललं तसं चालू राहिलं. तू पण कधी विचारायला आली नाहीस." हे तो अगदी सरळ म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं.

म्हटलं, मागे घेणार नाही. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तू उडवताना पण अशीच होतीस. मनासारखं उतरता आलं नाही की परत वर."

घरी येऊन आईला सांगितलं. सिम्युलेटरचं ऐकल्यावर तिने निवडायची भाजी बाजूला ठेवली. "आवडलं असतं तुला," म्हणाली. हो.

४ सप्टेंबर

निवेदनाची एक प्रत टाचणींनी नोंदणी विभागात दिली. शिक्का घेतला. साहेबांना न विचारता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले. टाचणी मात्र नेहमीसारखी सरळ लावली.

१२ सप्टेंबर

निकाल. वरून आला, साहेबांच्या सहीने.

एक – माझं वैमानिक लायसन्स कायमचं रद्द. दोन – कंपनीला सूचना, की कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीबाबत योग्य ती दक्षता घ्यावी. दोष नव्हे, ताशेरा नव्हे. सूचना! कारण एकाही कार्यरत वैमानिकाची तक्रार नाही. जिची आहे ती आता वैमानिक नाही. तीन – मला या कंपनीच्या कामातून काढून इमारतींच्या उंचीचे दाखले बघायला बसवलंय.

विमानतळाजवळ कुणाला गच्चीवर पाण्याची टाकी बांधायची असेल तर ती किती फूट, ते मी बघणार.

लायसन्स जमा करायला गेले. खिडकीतल्या मुलीने पंच मारून कोपऱ्याला भोक पाडलं आणि परत दिलं. "आठवण म्हणून ठेवतात लोक," म्हणाली. बसथांब्यावर बसले. रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. नुसता सगळ्या जगाचा राग आला, साहेबांचा, लंबूचा, अकरा जणांचा, धाकट्याचा. तेराव्या माणसाचा सगळ्यात शेवटी आला आणि तोच गेला नाही. माझा.

१५ सप्टेंबर

टाकी, चौदा फूट. मंजूर.

१६ सप्टेंबर

टाकी, सोळा फूट. जिन्याची उंची धरली नव्हती. परत पाठवली. माणूस बिचारा हात जोडत होता. मीही आता खण उघडझाप करणाऱ्यांतली झाले. टाचणी जेवायला बोलवायला आले, गेले नाही. धाकट्याला मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला – बरा आहेस ना. निळी खूण झाली. उत्तर नाही.

आई म्हणते, सोड आता. सोडायला हातात काही शिल्लक असावं लागतं.

१८ सप्टेंबर

दुपारी बाराला दार वाजलं. अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, मी ऑफिसला निघायच्या बेतात. धाकटा. पूर्ण गणवेश, टोपी हातात, तोंड राखेसारखं. छोट्या विमानतळावरून भाड्याची गाडी करून आला होता.

विमानात माणसं बसली होती, दारं लागली होती, म्हणाला. त्याने दारं उघडायला लावली. माइक घेतला आणि सांगितलं, "मी तुमचा कॅप्टन. मी झोपलेलो नाही. मी हे विमान उडवणार नाही." मग विश्रांतीच्या कागदावरची छापील ओळ खोडून तेच लिहिलं आणि खाली सही केली. एका प्रवाशाने शिव्या दिल्या. एका बाईने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ताई, आता माझं काही खरं नाही," म्हणाला आणि सोफ्यावर बसला. मी पाणी आणेपर्यंत झोपला होता. बूट तसेच.

दुपारचे दोन वाजलेत. टाचणींचा फोन येऊन गेला – आज आणखी सात जणांनी कागदावरची ओळ खोडली, छोट्या विमानतळावरून कंपनीचं एकही विमान हललेलं नाही, आणि साहेब मला शोधतायत.

मी हळू आवाजात म्हटलं, शोधू दे. आई त्याच्या बुटांच्या नाड्या सोडतेय.